फॉर्मवर लिहिलेला दूधभात

वरच्या मजल्यावरची खोली दाखवताना बा म्हणाल्या होत्या, "दोन गोष्टी. एक, पाण्याची मोटर तुम्ही चालू करायची नाय. दुसरी, घरात मांस-मच्छी नाय चालणार." मी दोन्हीला मान डोलावली. तिसरी गोष्ट त्यांनी विचारलीच नाही, ती म्हणजे आमचं आडनाव. त्याआधी डहाणूत आम्ही चार खोल्या बघितल्या होत्या आणि आडनाव सांगितल्यावर चारही खोल्या कालच गेलेल्या निघाल्या होत्या. म्हणून बांनी किल्ली हातावर ठेवली तेव्हा मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्या दचकून मागे सरकल्या.

हे २०१७ सालातलं. बा म्हणजे आमच्या घरमालकीण. घरात गुजराती बोलायच्या, आमच्याशी गुजराती मिसळलेलं मराठी. मूल नाही, पती वारलेले, मागे चिकूची छोटी वाडी. गल्लीतले सगळेच त्यांना बा म्हणायचे, मग आम्हीही. शेजारच्या घरात त्यांच्या दिरांचं कुटुंब होतं. मी आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर. कासा गावापासून बरंच आत आमचं गाव. मला तलासरीच्या एका कार्यालयात कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम मिळालं होतं आणि धाकट्या बहिणीला डहाणूत अकरावी सायन्सला प्रवेश. तलासरीला मी एसटीने जाऊ-येऊ शकत होते, पण बहिणीला कॉलेजजवळ राहणं भाग होतं. ती खोली गेली असती तर तिचं सायन्सही गेलं असतं. आम्हा दोघींनाही हे माहीत होतं, म्हणून आम्ही त्या घरात पाय न वाजवता चालायचो.

बोका आला दिवाळीनंतर. सुट्टीहून परतताना बहिणीने पाड्यावरचं एक पिल्लू पिशवीत घालून आणलं. मला जीपमध्ये बसल्यावर कळलं, पिशवी म्याव करायला लागली तेव्हा. बहिणीला त्या खोलीत झोप यायची नाही. मातीच्या घरातून एकदम लादीवर आलेली, कूस बदलायची नुसती. मी बांना भीत भीत विचारलं. त्यांनी पिल्लाला मानेला धरून उचललं, शेपटीखाली बघितलं आणि म्हणाल्या, "बिलाडो छे. राहू दे. उंदीर तरी खाईल."

उंदीर त्याने एकही खाल्ला नाही. त्याला आवडायचे सुके बोंबील.

आम्ही त्या खोलीत चोरून मासळी कधीही शिजवली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण बोक्याने थोडीच मान डोलावली होती? धाकटी डहाणू गावची एक मासळीवाली मावशी बाजारात टोपली घेऊन बसायची. तिच्याकडून मी थोडे बोंबील आणि खारी मासळी घ्यायचे, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात लपवायचे आणि रोज सकाळी खिडकी लावून त्याला तुकडे करून द्यायचे. तो कुरकुर आवाज करत खायचा. त्या आवाजावर बहीण मोठ्याने रसायनशास्त्र वाचायची.

साधारण फेब्रुवारीत घाण सुरू झाली.

त्याच्यासाठी कोपऱ्यात वाळूचं घमेलं होतं. इतके दिवस तो शहाण्यासारखा त्यात जायचा. आता घमेल्यात बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा, एक विचित्र सूर काढायचा आणि मग भलतीकडेच जाऊन चार थेंब टाकायचा. गादीवर. माझ्या ऑफिसच्या पिशवीत. बहिणीच्या जर्नलवर, आणि तेही सबमिशनच्या आदल्या दिवशी. पोटाला हात लावला तर नखं काढायचा. एकदा त्याने माझ्या मनगटाला असा दात लावला की मी आठवडाभर ऑफिसात पूर्ण बाह्या घालून गेले.

"मुद्दाम करतो," बहीण म्हणाली. जर्नल उन्हात वाळत होतं आणि ती रडत होती. "ताई, हा मुद्दाम करतो. माझ्याकडे बघून करतो."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संध्याकाळी परत आल्यावर कुलूप उलटं लागलेलं असायचं. मी कुलूप लावते तेव्हा किल्लीचं भोक भिंतीकडे असतं, ही माझी सवय. आता ते कधीकधी दाराकडे असायचं. दुसरी किल्ली बांकडे होती. मी बहिणीला सांगितलं. ती सायन्सची विद्यार्थिनी, म्हणाली प्रयोग करू. दुसऱ्या दिवशी निघताना तिने उंबऱ्याच्या आत तांदळाच्या पिठाची एक बारीक रेघ ओढली.

संध्याकाळी रेघेवर अनवाणी पाऊल होतं. डाव्या पायाचा ठसा पूर्ण, उजव्याचा नुसता ओढल्यासारखा फराटा. बा उजव्या गुडघ्याने अधू होत्या.

आम्ही दोघी ते पाऊल बघत उभ्या राहिलो. बोका येऊन ते पीठ हुंगू लागला.

"तपासायला येतात," मी म्हणाले. "मासळी शिजवतो का ते."

"मग डबा सापडला असेल?"

डबा जागेवर होता. पण मला त्यातले तुकडे हलवल्यासारखे वाटले. आणि कॉटखाली बोंबलाची एक शेपटी मिळाली. ती मी सकाळी टाकलेली नव्हती. मी शेपट्या आधीच मोडून कागदात बांधून बाहेर नेत असे. तरी एखादी माझ्याच हातून पडली असेल असं धरून मी स्वतःवरच चिडले. डबा बहिणीच्या दप्तरात हलवला. ती बिचारी चार दिवस वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसली.

त्यानंतर बांचं प्रत्येक वाक्य मला दुधारी वाटू लागलं. सकाळी मी पाणी भरायला खाली गेले की त्या झोपाळ्यावरून विचारायच्या, "आज काय रांधलं?"

"भेंडी, बा."

"हं." मग नाक वर करून, "वास कसला येतो ग?"

"कसला?"

"तेच तर विचारते."

मी म्हणायचे, बोक्याचा असेल. त्या माझ्याकडे बघत राहायच्या. मी वर जाऊन फिनेल ओतायचे. रोज फिनेल. खोलीत गेलं की डोळ्यांना पाणी यायचं आणि बोका तर दाराबाहेरच बसायचा. मला वाटायचं, बांना आता कारण सापडलं आहे, फक्त पुरावा हवा आहे. उपकार करणाऱ्या माणसावर असा संशय घेताना लाज वाटायची. पण चार खोल्या कालच गेलेल्या निघालेल्या माणसाला पाचवी खोलीही कधीही जाईल असं वाटतं, त्याला इलाज नाही.

मग मार्चमध्ये बोक्याने बांच्या झोपाळ्यावरच्या गादीवर केलं. नवी खोळ, पांढरी. थेंब गुलाबीसर होते. बांनी ते बोटाने दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "याचं काहीतरी कर, दीकरी. आता लवकर काहीतरी कर."

मी त्याचा अर्थ एकच घेतला.

आईला फोन केला. आई म्हणाली, "गोणीत घाल. गोणी तीन वेळा गरगर फिरव आणि नदीपलीकडे सोडून ये. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही." आमच्याकडे सगळे हेच करतात. मीही लहानपणी एका मांजरीला असं सोडायला गेले होते आणि परत येताना मागे बघायचं नाही म्हणून काकाने माझी मान पुढे धरून ठेवली होती. माझ्याच्याने ते झालं नसतं.

तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, आजारी आणि सोडून दिलेल्या जनावरांना ठेवून घेणारी एक जागा असल्याचं ऑफिसात ऐकलं होतं. आईला ते सांगितलं तर तिला गोणीपेक्षा त्याचीच भीती वाटली. "मांजर घेऊन त्यांना काय मिळतं?" तिने विचारलं. "फुकट कोण खाऊ घालतं? नीट बघून ये. पिंजरे मोज."

सोमवारी सकाळी मी बोक्याला झाकणाच्या टोपलीत घातलं. बहिणीने एकदाही टोपलीकडे बघितलं नाही. जेवणाचा डबा न घेताच कॉलेजला गेली. तिला मी सांगितलं होतं, एक तर हा नाहीतर खोली, आणि खोली म्हणजे तुझी बारावी. तिने विचारलं, "बा तसं म्हणाल्या?" मी म्हणाले, "तसंच म्हणाल्या."

बा तेव्हा पूजेला बसल्या होत्या. मी मागच्या दाराने, वाडीतून निघाले.

एसटीत तो सबंध वाट तोच विचित्र सूर काढत होता. कंडक्टर म्हणाला, "पोट दुखतंय वाटतं त्याचं." मी हसले. मांजराला कुठे पोटदुखी!

ती जागा म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि पुढे एक खोली. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. मी खरंच पिंजरे मोजले. नऊ मांजरं, त्यातल्या दोघांना तीनच पाय. मला वाटलं, बाकीची कुठे गेली असतील? मग वाटलं, बाकीची म्हणजे कोणती? डॉक्टर बाईंनी फॉर्म पुढे केला. फॉर्म बघून मात्र मला धीर आला. छापील रकाने असले की मला वाटतं, सगळं रीतसर आहे. मी सावकाश, चांगल्या अक्षरात भरला. पत्त्याच्या रकान्यात बांच्या घराचा पत्ता. प्राणी देण्याचं कारण: मुद्दाम घाण करतो व चावतो.

त्याखाली रकाना होता, रोजचा आहार.

वर पत्ता लिहिलेला. कोणी त्या पत्त्यावर पत्र पाठवलं तर? कोणी विचारायला गेलं तर? मी लिहिलं, दूधभात.

डॉक्टर बाईंनी वाचलं. "मुद्दाम करतो हे तुम्हाला कसं कळलं?"

"बघून करतो, मॅडम."

"तुम्ही मारता का याला?"

"नाही!"

"पोटाला हात लावला की का ओरडतो मग?" त्यांनी त्याच्या पोटावर दोन बोटं दाबली. तो ओरडला. त्यांनी पुन्हा फॉर्म बघितला. "फक्त दूधभात? सुकं काही? मासे?"

"नाही. आमचं घर शाकाहारी आहे." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं. आमच्या पाड्यावर हे कोणी ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं.

त्यांचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. माझाही त्यांच्यावर बसला नव्हता. फॉर्मच्या शेवटी लिहिलं होतं की एकदा दिलेला प्राणी देणाऱ्याला परत मिळणार नाही. मी सही केली आणि पावती मागितली.

"पावती? मांजराची?"

"हो. मिळाला म्हणून."

त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, एक बोका, करडा, मिळाला. मी तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि ऑफिसला गेले. दिवसभर नोंदी चुकत होत्या.

संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी पोचले, तर बा अंगणात उभ्या. झोपाळ्यावर बसलेल्या नव्हत्या, उभ्या.

"बिलाडो कुठे?"

"गावी पाठवला, बा."

"कोणाबरोबर?"

"भाऊ आला होता."

"कधी? मी सकाळपासून इथे. आणि तुझा भाऊ तर सुरतेला कामाला." त्या लंगडत पुढे आल्या. "साचुं बोल. गोणीत घातलास ना? खाडीत सोडलास?"

"तुम्हीच म्हणालात ना काहीतरी कर!"

"काहीतरी म्हणजे दवाखान्यात ने! लोही पडत होतं त्याचं, तुला दिसलं नाय? एवढी शिकलेली!"

माझी बहीण जिन्यावर बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बा तसं म्हणाल्या का, हा तिचा प्रश्न अजून तिथेच होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझा फोन महिनाभर बिघडलेला होता, कानाला लावून ऐकू यायचं नाही, स्पीकरवरच ऐकू यायचं. नंबर सकाळच्या फॉर्मवर छापलेला होता तोच. उचलला नसता, पण बांनी माझं मनगट धरलं होतं.

"तुम्ही सकाळी बोका देऊन गेलात ना?" डॉक्टर बाईंचा आवाज अख्ख्या अंगणात गेला. "त्याची लघवी तुंबली होती. नळी घातली आहे. हे असं किती दिवसांपासून होतं? आणि हे बघा, मला खरं सांगा. दूधभात खाणाऱ्याच्या पोटात माशाचे काटे कसे? सुकी मासळी देत होता का? किती? पुढे काय करायचं ते त्यावर ठरणार आहे. मी कोणाला सांगायला जात नाही."

बांची बोटं माझ्या मनगटावर होती. खोली, कॉलेज, गादी, स्टोव्ह, आम्ही दोघी सामान घेऊन एसटी स्टँडवर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"हॅलो? ऐकताय ना?"

"हुं आपती हती," बा फोनकडे वाकून म्हणाल्या. मग मराठीत, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं: "मी घालत होते! रोज दुपारी! सुका बोंबील, दोन!"

फोनमधून कागद सरकवल्याचा आवाज आला.

"आणि मी," माझ्या तोंडून निघालं. "सकाळी. दीड-दोन. आणि थोडी खारी."

"पाणी प्यायचा?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ते कोणीच बघितलं नव्हतं.

"म्हणजे दोघी मिळून," डॉक्टर बाई म्हणाल्या, "रोज चार सुके बोंबील, मीठ, आणि पाणी नाही. बरं. उद्या सांगते कसा आहे ते." फोन बंद.

शेजारच्या घराची खिडकी उघडी होती. बांनी आधी तिकडे बघितलं आणि मग आम्हाला आत घेतलं. पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत. तिथे त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी एक मांजर मोटरच्या खोलीत व्यालं होतं, तेव्हापासून त्या त्याच मावशीकडून बोंबील घ्यायच्या, कागदात, आणि हात न लावता चिमट्याने घालायच्या. चिमटा मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. म्हणून मोटरला आम्ही हात लावायचा नव्हता.

"पण आमच्या खोलीत का, बा?" बहिणीने विचारलं. ती माझ्याइतकी भीत नसे. "अंगणात घालायचं ना."

"अंगणात दीर बघतात. देवळात बोलतात." त्यांनी बोटाने वर दाखवलं. "तुमच्या खोलीतून वास आला तर कोण काय म्हणणार? म्हणतील, भाडोत्री आहेत, ते लोक खातातच."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. त्यात काही लागण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नसावं. म्हणजे आडनाव विचारलं नव्हतं ते विचारायची गरज नव्हती म्हणून. वर्षभर ज्या एका गोष्टीसाठी मी मनातल्या मनात त्यांना हात जोडत आले होते, ती गोष्ट तशी नव्हतीच. आणि तरीही त्यांनी फोनकडे वाकून सगळं स्वतःवर घेतलं होतं, शेजारची खिडकी उघडी असताना. या दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवावा हे मला त्या संध्याकाळी ठरवता आलं नाही. मीही काही कमी नव्हते. मी त्या बाईच्या पावलाचा ठसा घेतला होता, आणि एका मुक्या जनावराबद्दल छापील फॉर्मवर 'मुद्दाम' असं लिहून दिलं होतं.

बोका वाचला. तीन दिवस नळी होती. चौदाव्या दिवशी, रविवारी, बा म्हणाल्या रिक्षा बोलव. तिकडे पोचल्यावर डॉक्टर बाईंनी मला ओळखलं आणि आधीच सांगितलं, तुम्हाला परत मिळणार नाही, तुमची सही आहे.

"हिला कोण देतो?" बा म्हणाल्या. "मला द्या."

नवा फॉर्म. बांना मराठी वाचता यायचं, लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पत्ता लिहिताना डॉक्टर बाई माझ्या पेनाकडे बघत होत्या.

"पत्ता तोच दिसतोय," त्या म्हणाल्या.

"घर माझं आहे," बा म्हणाल्या. "ही भाडोत्री."

"आहार काय देणार? सुकं बंद, मीठ बंद. उकडलेली ताजी मासळी किंवा चिकन, भरपूर पाणी घालून. तुमचं घर शाकाहारी आहे ना?" शेवटचं वाक्य बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

बांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाल्या, "लिही. मासळी, ताजी, उकडलेली." आणि वर, "वरच्या खोलीत."

तेव्हापासून बहिणीची बारावी होईपर्यंत आमच्या स्टोव्हवर रोज सकाळी मासळी उकडली गेली, मीठ न घालता, मालकिणीच्या परवानगीने. मासळी बा आणायच्या, चिमट्याने पातेल्यात टाकायच्या. बोका आता खाली, त्यांच्याकडे राहायचा. तो वर यायचा तो फक्त खाण्यापुरता. माझ्या हाताने दिलं तर आधी हुंगायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग पुन्हा हुंगायचा. बहिणीच्या हाताने दिलं की लगेच खायचा. मी पावती जपून ठेवली होती, पण त्याला ती दाखवून काय उपयोग?

बा जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वास घ्यायच्या. पातेलं खाली आलं की झाकण उघडून आत बघायच्या.

"केटला कटका हता?"

"पाच तुकडे, बा. तुम्हीच टाकलेत."

"हे तर चार."

"एक विरघळला."

"विरघळला," बा म्हणायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या.

मी खाल्लेला नसायचा. बहिणीचं मला सांगता येणार नाही.